दहापट भिंग: प्रिन्सेस स्ट्रीटवरून थेट पऱ्हाटीच्या पानाखाली

मरीन लाइन्सला उतरून प्रिन्सेस स्ट्रीटकडे वळलं की प्रयोगशाळेच्या सामानाची दुकानं लागतात. तिथून घेतलेलं हे घडीचं स्टीलचं भिंग. दहापट, किंमत 350 रुपये. दोन घेतली. एक माझ्याकडे मुलुंडला, दुसरं यवतमाळच्या आर्णी तालुक्यात धाकट्या भावाकडे. तो कपाशी, म्हणजे आमच्याकडची पऱ्हाटी, करतो. जूनपासून दिवाळीपर्यंत दोघांनी भरपूर वापरलं.

आधी वापरायची रीत. पानावर भिंग धरून लांबून डोकावलं तर हाती काही लागत नाही. भिंग डोळ्याला लावायचं आणि पान जवळ आणत जायचं. साधारण अडीच सेंटीमीटरवर सगळं लख्ख दिसतं.

कपाशी, भेंडी आणि जास्वंद एकाच कुळातली, त्यामुळे बऱ्याच किडीही सामाईक. आमच्या सोसायटीच्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण ही पांढरी, पिठाळ कीड आली, तेव्हा माळीकाका फवारा भरून तयार होते. त्या पांढऱ्या थरात एक जरा मोठा, झिपऱ्या झिपऱ्यांचा किडा तुरुतुरु चालत होता. भिंगातून पाहिलं तर तो एका ढेकणाला तोंड लावून बसलेला. ती क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची अळी. अंगावर मेणाचे पांढरे धागे असल्यामुळे ती ढेकणासारखीच दिसते आणि त्यांच्याबरोबर फुकट मरते. "काका, हा मारू नका, हाच बाकीच्यांना खातोय," म्हणून भिंग त्यांच्या हातात दिलं. ते बराच वेळ बघत राहिले. फवारा त्या दिवशी परत गेला.

तिथेच काही ढेकूण तपकिरी, फुगीर आणि कडक झालेले होते. एनॅशियस नावाची बारीक गांधीलमाशी त्यांच्या अंगात अंडी घालते आणि पिल्लू आतून ढेकूण संपवतं. हाच ढेकूण 2006 च्या सुमारास कपाशीवर तुटून पडला होता, आणि ही माशी कुणी न सोडताच त्याच्या मागावर शेतात पोचली.

भावाचा अनुभव माझ्याहून मोलाचा. तो पानाच्या खालच्या बाजूचा फोटो पाठवून विचारायचा, "दादा, हे ठेवू का मारू?" आता विचारत नाही. तिरके चालणारे फिकट हिरवे तुडतुडे तो पानागणिक मोजतो. सरासरी दोनच्या खाली असतील तर पंप बाहेर काढत नाही. मावा फुगून कागदी रंगाचा झालेला आणि पाठीला गोल भोक दिसलं की परोपजीवी माशी काम करून गेली, हे त्याला कळतं. केसाएवढ्या देठावर उभी असलेली क्रायसोपा या मित्रकिडीची अंडी तर त्याने बायकोला बोलावून दाखवली. 2017 मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. त्यामुळे वाचलेली प्रत्येक फवारणी मला मोठी वाटते.

गुलाबी बोंडअळीपुढे मात्र या भिंगाचं काही चालत नाही. ती बोंडाच्या आत असते. त्यासाठी डोमकळ्या (अळीमुळे नीट न उमललेली, गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली फुलं) शोधायच्या, हिरवी बोंडं फोडून बघायची आणि मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे लावायचे. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की उपाय करायचाच.

तक्रार एकच. मुंबईच्या दमट हवेत माझ्या भिंगाचा बिजागरीचा स्क्रू गंजला आणि ढिला झाला. भावाकडचं ठणठणीत आहे. दोरी सोबत मिळत नाही, ती आपली आपण ओवून गळ्यात अडकवावी, नाहीतर पऱ्हाटीत पडलेलं सापडणार नाही.

तीसपट, चाळीसपट असं छापलेली स्वस्त भिंगं घेऊ नका. त्यांत कडेला रंगीत झालर दिसते आणि किडा नजरेत धरता येत नाही. दुकानातच शंभराची नोट काढून तिच्यावरची बारीक 'भारत' ही अक्षरं वाचा. कडेपर्यंत स्वच्छ वाचता आली तरच पैसे द्या.