बोकाशी किट तीन महिने वापरलं, पाकिटावरच्या १४ दिवसांवर जाऊ नका

बोकाशी म्हणजे स्वयंपाकघरातला कचरा हवाबंद बादलीत आंबवून खतासाठी वापरायची पद्धत. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. किटमध्ये घट्ट झाकणाची बादली, खाली तोटी आणि कल्चरच्या कोंड्याचं पाकीट येतं. खरा माल तो कोंडाच, मळीच्या पाण्यात लॅक्टिक अ‍ॅसिड बॅक्टेरिया, यीस्ट वगैरे घालून मुरवून वाळवलेला. कचरा बारीक करून टाकायचा, वर मूठभर कोंडा, दाबून हवा काढायची नि झाकण. साध्या कंपोस्टला हवा लागते, इथे बरोबर उलटं. माझी पहिली बादली त्यातच गेली, झालं का झालं का म्हणून दिवसातून चारदा उघडून बघायचो, मग हिरवी-काळी बुरशी आणि वास असा की घरच्यांनी बादलीसकट मलाही बाहेर काढलं असतं. दुसरी रोज एकदाच उघडली, वर पांढरी बुरशी आणि आंबूस वास आला म्हणजे जमलं.

आता तक्रार. पाकिटावर ठळक लिहिलंय "१४ दिवसांत खत तयार". अहो कसलं खत! बादली भरून बंद केल्यावर दोन आठवड्यांनी निघतो तो नुसता आंबलेला कचरा, साल सालीसारखीच दिसते, आणि आंबट एवढा की थेट मुळाशी घातला तर रोप जळतं, माझी मिरचीची दोन रोपं अशीच गेली. तो मातीत मिसळून, वर माती ओढून अजून दोन-तीन आठवडे ठेवायचा, मातीतले जीव त्याचा फडशा पाडतात, मग रोप लावायचं. ही ओळ पत्रकात आहे, पण भिंग घेऊन शोधावी लागते.

तोटी पहिल्याच आठवड्यात गळायला लागली, टेप गुंडाळून चालवतोय. निघणारं पाणी शंभरपट पातळ करूनच घाला. कोंड्यावर पॅकिंगची तारीख नाही हे मला जास्त खटकलं, जिवंत वस्तू आहे, किती जुनी ते कळायला नको?

चांगलं म्हणजे शिजवलेलं उरलंसुरलं, हाडंसुद्धा चालतात, जे साध्या ढिगात घातलं की उंदीर हजर. टोमॅटो यंदा जास्त धरलेत, पण कुंड्या उन्हात हलवल्यात त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं कळत नाही.

तीन स्टार, तेही बादलीला. कोंडा संपला की पुढचा घरीच मुरवणार आहे.