ट्रिप ३५ की पेन ईई-३ : गोव्यात कुठला घ्यावा?

ऑलिम्पसचे हे दोन्ही जुने फिल्म कॅमेरे सेलेनियम सेलवर, म्हणजे उजेडातूनच वीज काढणाऱ्या पट्टीवर चालतात, त्यामुळे बॅटरीची कटकट नाही. दोघांनाही नेहमीचाच ३५ मिमीचा रोल लागतो. फरक फ्रेमचा. ट्रिप पूर्ण २४×३६ मिमीची फ्रेम घेतो, पेन अर्धी, म्हणजे १८×२४ची. ३६च्या रोलवर ७२ फोटो. रोलचे आजचे भाव पाहता पेनकडे ओढा जाणं साहजिक आहे.

पेनच्या बाजूने आणखीही बोलता येईल. फोकस ठरलेला असल्यामुळे उचलला की फोटो. कॅमेरा आडवा धरला तरी फ्रेम उभी पडते. फोंतेन्हासच्या अरुंद गल्ल्या, मंगेशीची दीपमाळ, माड तिच्यात छान बसतात. ट्रिपवर दर वेळी अंतराप्रमाणे एक डोकं, दोन माणसं, घोळका की डोंगर हे चिन्ह लावावं लागतं. ते राहिलं तर संध्याकाळच्या उजेडात, २.८ वर, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी असताना, समोरचा चेहरा हमखास मऊ, धूसर येतो.

तरीही माझं मन पेनवर बसत नाही, कारण ते ७२ फोटो संपतच नाहीत. शिगम्याला भरलेला रोल चवथीपर्यंत कॅमेऱ्यात पडून राहतो आणि मधे मिरगापासूनचा सगळा पाऊस जातो. डबीतून बाहेर आलेल्या फिल्मचं जिलेटिन दमट हवा शोषतं, उमटलेली पण न धुतलेली प्रतिमा हळूहळू विरते. सावल्या राखाडी होतात, रंग घसरतात. कॅमेरा सिलिका जेल घालून घट्ट डब्यात ठेवता येतो, पण मग फोटो काढायचे कधी? २४चा रोल घातला तर ४८ वर सुटका होते, हा त्यातल्या त्यात बरा उपाय. शिवाय काही लॅब दोन अर्ध्या फ्रेम मिळून एकच स्कॅन देतात. ते आधी विचारून घ्या.

कुठलाही घेताना रिंग 'ए'वर, म्हणजे ऑटोवर, ठेवा आणि लेन्सभोवतीच्या सेलवर तळहात ठेवून शटर दाबा. व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी यायला हवी आणि शटर अडायला हवं. ट्रिपची आणखी एक खोड म्हणजे तेल उतरून चिकटलेली ॲपर्चरची, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या छिद्राची, पाती. रिंग 'ए'वर ठेवा, मागचं दार उघडा, आधी मोकळ्या आकाशाकडे, मग पडवीतल्या भिंतीकडे धरून शटर मारा. छिद्र दोन्ही वेळा सारखंच दिसलं तर कॅमेरा परत द्या. लेन्समागे टॉर्च धरून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी शोधा. जुनं चामडी कव्हर सोबत मिळालं तर त्यात कॅमेरा ठेवू नका, बुरशी बहुधा तिथूनच येते.

एकाच जत्रेत रोल संपवणाऱ्याला पेन शोभेल. महिन्याला दहा-पंधरा फोटो काढणाऱ्याने ट्रिप घ्यावा, आणि कॅमेऱ्यातला रोल मे संपायच्या आत धुवायला द्यावा.