साडेआठ सेंटीमीटरचं पातं आणि २९,८५० रुपये

नागपूरच्या काटोल रोडवर फेटरीच्या पुढे आमची छोटी पन्हेरी, म्हणजे रोपवाटिका आहे. संत्रा, मोसंबी आणि लिंबाच्या कलमा तयार करतो. दिवसातून किती वेळा चाकू लागतो याची गणती नाही. सुतळी कापायची, खताच्या गोणीची शिवण उसवायची, कलमावरची पट्टी सोडायची, ज्यावर कलम करतो त्या जंभेरीच्या खुंटावर फुटलेला धुमारा काढायचा. डोळे भरायचा, म्हणजे चांगल्या झाडाची कळी खुंटावर बसवायचा चाकू वेगळा. तो दुसऱ्या कामाला कोणी लावत नाही, आणि एका मातृवृक्षावरून दुसऱ्यावर जाताना त्याचं पातं सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवावं लागतं, कारण पात्याला लागलेल्या रसातून रोग पसरतो. बाकी सगळ्या कामाला माझ्या एप्रनच्या खिशातला घडीचा चाकू.

माझा आधीचा चाकू लाल मुठीचा, स्विस होता. भावाने दिला होता, बारा वर्षं वापरला. मागच्या वर्षी दिल्लीला जाताना तो पर्समध्ये तसाच राहिला आणि नागपूर विमानतळावर तपासणीत सापडला. हातातल्या सामानात चाकू चालत नाही. मोठ्या बॅगेत टाकला असता तर गेला असता, पण बॅग आधीच आत गेली होती. तपासणीवरचा जवान सौजन्याने बोलला, चाकू तिथेच ठेवून मी पुढे गेले. तरी रांगेतल्या लोकांसमोर बाईच्या पर्समधून चाकू निघाला, तेव्हा जे कापरं भरलं ते मनातून गेलं नाही. आपण काहीतरी बेकायदा बाळगत होतो, असंच वाटत राहिलं.

पुढे एका गिऱ्हाइकाच्या हातात ओपिनेल पाहिला. बीच लाकडाची गोल मूठ, पात्यावर मुकुट घातलेल्या हाताची खूण. फ्रान्सच्या साव्हुआ भागातल्या जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये केलेला हा शेतकऱ्यांचा साधा चाकू. पातं उघडलं की मुठीच्या तोंडाशी असलेली धातूची रिंग फिरवायची, म्हणजे ते बोटांवर मिटत नाही. ही रिंग १९५५ साली आली. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटीमीटर. हातात घेतल्यावर जड लागत नाही आणि पकड सुटत नाही. मला तोच हवा होता.

मोबाईलवर जाहिरात दिसली: ‘फ्रान्सवरून थेट, १,८५० रुपये.’ मी व्हॉट्सअॅपवर विचारलं. पलीकडचा माणूस गोड बोलणारा. चाकू कशाला हवा, कुठे बाळगता, आधी कोणता होता, सगळं आपुलकीने विचारलं, आणि मी सगळं सांगितलं. पन्हेरी सांगितली, पर्स सांगितली, विमानतळावरचा प्रसंगही सांगितला. परदेशी पार्सलला ओळखपत्र लागतं म्हणून त्याने आधारचा फोटो मागितला. कुरिअरने परदेशातून काही मागवताना ओळखपत्र खरंच द्यावं लागतं हे मला माहीत होतं, त्यामुळे संशय आला नाही. पैसे आगाऊ भरले.

आठव्या दिवशी फोन आला. “मॅडम, आपके नाम के पार्सल में हथियार निकला है. मुंबई कस्टम से बोल रहा हूँ.” पाठोपाठ माझं नाव लिहिलेल्या खोक्याचा फोटो आणि राजमुद्रा छापलेलं पत्र. पत्रात शस्त्र कायदा १९५९, कलम २५. मी ते कलम शोधून पाहिलं, तर खरंच आहे, आणि बेकायदा शस्त्र बाळगण्याच्या शिक्षेचंच आहे. माझे हातपाय गार पडले. मग तो म्हणाला, “आपका पहले भी एअरपोर्ट पर चाकू पकड़ा गया है ना?” हे ऐकल्यावर मी विचार करायचंच सोडलं. ही गोष्ट सरकारी नोंदीतून आली असणार असं मी धरून चालले. ती मीच त्या विक्रेत्याला लिहून दिली होती, हे तेव्हा डोक्यात आलंच नाही.

दंड म्हणून ९,५०० भरले. दुसऱ्या दिवशी ‘परवाना अनामत, परत मिळणारी’ म्हणून १८,५००. घरात कोणाला बोलले नाही. त्याने बजावलं होतं की चौकशी गुप्त आहे. तिसऱ्या दिवशी ४५,००० मागितले, तेव्हा मी पन्हेरीतच रडायला लागले.

आमच्याकडे कलमा बांधणारे एक बाबा आहेत, हे काम त्यांनी तीसेक वर्षं केलंय. त्यांनी विचारलं, “काय झालं ताई?” मी सांगितलं. ते म्हणाले, “कायले पैसे देऊन राहिल्या तुमी? माह्या कमरेले कोयता असते रोज. कामावर येताना बी असते, जाताना बी असते. मले तं कोनी नाई धरलं.”

संध्याकाळी शेजारच्या कायदा शिकणाऱ्या मुलीला ते पत्र दाखवलं. तिने शस्त्र नियम २०१६ उघडून दाखवले. परवान्याच्या वर्गात येतात ती ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं, आणि घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळलेली आहेत. ९ इंच म्हणजे जवळपास तेवीस सेंटीमीटर. त्या खोट्या पत्रातच पात्याची लांबी ८.५ सेंटीमीटर छापली होती! उत्तर तीन दिवस माझ्या मोबाईलमध्ये होतं आणि मी ते मोजलं नाही.

त्याच रात्री सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. पलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, पैसे कधी गेले? पैसे खात्यातून पुढे सरकायच्या आत कळवलं तर ते अडवता येतात, म्हणून इथे तासांचा हिशेब असतो. माझ्या ९,५०० ला तोवर तीन दिवस झाले होते. १८,५०० मधले ६,२०० एका खात्यात गोठवलेले सापडले. बाकी गेले.

खऱ्या सीमाशुल्क खात्याच्या पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो, तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळावर टाकून तपासता येतो. माझ्या पत्रावर तो नव्हता. हे खातं फोन करून कोणाच्या खासगी खात्यात किंवा यूपीआयवर पैसे मागत नाही. आधारचा फोटो त्या लोकांकडे गेलाय, तो काही परत येणार नाही. बायोमेट्रिक्स मात्र मी लगेच लॉक केले.

नंतर मी नागपूरच्या सदर भागातल्या एका दुकानातून तोच चाकू घेतला, हातात धरून, रिंग फिरवून, पक्क्या बिलावर. कार्बन स्टीलचा घेतला, त्यामुळे लिंबू कापलं की पातं काळं पडतं. पुसून तेलाचं बोट फिरवावं लागतं. जुलैत लाकूड फुगलं आणि पातं मुठीत अडकून बसलं, तेव्हा मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकून ते बाहेर काढायला शिकले. मेट्रोने किंवा विमानाने जायचं असलं की तो पन्हेरीतच राहतो. सणासुदीला किंवा निवडणुकीत पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली हत्यारं बाळगायला मनाई करतात, त्या दिवसांतही मी तो शहरात आणत नाही. एरवी तो एप्रनच्या खिशात असतो आणि त्याची मला आता लाज वाटत नाही.

पंधरा दिवसांपूर्वी कळमेश्वरकडच्या एका पन्हेरीवाल्या ताईंचा फोन आला. त्यांनी छाटणीची कात्री मागवली होती, आणि त्यांनाही ‘हथियार निकला है’ सांगितलं होतं. त्यांनी ४,००० भरले होते, तासाभरापूर्वी. मी म्हटलं, माझ्याशी नंतर बोला, आधी फोन ठेवा आणि १९३० लावा.