कसाल–बोरिवली खाजगी स्लीपर: नऊ महिन्यांनंतर, मुख्यतः मागच्या दरवाज्याबद्दल

गणपती झाल्यावर लेकीच्या बाळासाठी माझं बोरिवलीला येणं-जाणं सुरू झालं. तेव्हापासून मेअखेरपर्यंत एकाच खाजगी कंपनीच्या एसी स्लीपरने १४ फेऱ्या झाल्या. गाडी कशी असते ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे ब्लँकेट आणि चार्जिंगवर लिहीत बसत नाही.

मे महिन्यात रात्री दीडच्या सुमारास, खेडचा भरणे नाका मागे पडल्यावर, जळका वास आला. मागच्या चाकाचा ब्रेक धरून राहिला होता आणि धूर आत यायला लागला. ड्रायव्हरने गाडी लगेच बाजूला घेतली, दिवे लावले, "सगळे खाली उतरा" म्हणून ओरडला. माझा बर्थ मागून दुसरा. मागचा आपत्कालीन दरवाजा चार पावलांवर, पण त्याच्यासमोर छातीपर्यंत हापूसच्या पेट्या रचलेल्या. मधल्या वाटेतही पेट्या. क्लीनर अंधारात सांगत होता, "काकी, सांभाळून, खाली पेटये आसत." एक गुडघा आधीच दुखतोय, तशात पेट्यांवर पाय देत, वरच्या बर्थच्या शिडीला धरत मी पुढच्या दरवाज्यापर्यंत गेले. पेंढ्याचा आणि पिकत आलेल्या आंब्याचा वास, त्यात रबर जळल्याचा. आग लागली नाही. दोन तासांनी दुसरी गाडी आली.

१ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. ती गाडी दरवाज्याच्याच बाजूवर पडली होती. तेव्हा बातमी वाचून हळहळले होते. भरणे नाक्याच्या पुढे रस्त्याच्या कडेला उभं राहिल्यावर ती बातमी मला खरी कळली.

दुसऱ्या गाडीत बसल्यावर आधी मोबाईलच्या उजेडात काच फोडायचा हातोडा शोधला. खिडकीशेजारी लाल पट्टी होती, हूक होता, हातोडा नव्हता.

आता कोणी विचारेल, बाईमाणसाला एसटीत अर्धं तिकीट असताना ही खाजगीत कशाला गेली? मार्च २०२३ पासून एसटीच्या सगळ्या गाड्यांत आम्हाला निम्मं भाडं आहे, ७५ वर्षांवरच्यांना तर फुकट. आमच्या वाडीतल्या बहुतेक बायका तेव्हापासून एसटीनेच मुंबईला जातात, आणि मी पैसे मोजणारीच बाई आहे. पण रात्रभर गुडघा दुमडून बसवत नाही, आणि ही गाडी लेकीच्या घरापासून रिक्षाच्या एका भाड्यावर सोडते. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, पण बाळाला ताप आला की आजीला उद्याच निघायचं असतं.

नऊ महिन्यांत गाडीत कोण बसतं हे बघून ठेवलंय. मंगळवार-बुधवारी ३० बर्थांपैकी दहा-बारा भरलेले. त्यांत नोकरीवाले तरुण, कॉलेजची मुलं, कुठली सवलत लागू नसलेले चाळिशीतले पुरुष. माझ्या वयाच्या बायका दोन, कधी मी एकटीच. शुक्रवार-रविवारी मात्र पाय ठेवायला जागा नाही. सवलत नाही तो, किंवा आयत्या वेळी निघाला तो, असेच आता खाजगीचे प्रवासी उरलेत.

आणि तेच पैसे भरतात. साध्या मंगळवारी ७०० रुपयांना मिळणारा बर्थ दिवाळीत मी १,९०० ला घेतला. एप्रिल २०१८ चा शासन निर्णय आहे: त्याच प्रकारच्या एसटीच्या भाड्याच्या दीडपटीवर खाजगीने घ्यायचं नाही. तो काउंटरवर बोलून दाखवला तर "ऑनलाइन बघा" एवढंच उत्तर.

इथपर्यंत लिहून मी रागानेच पुढे लिहिणार होते की पार्सल बंदच करा. पण फेब्रुवारीत काउंटरवरच्या मुलाशी झालेलं बोलणं आठवलं. "काकी, पार्सल नसात तर डिझेलपण सुटाचा नाय," म्हणाला. गाडीत त्या दिवशी आम्ही अकरा जण होतो, तेव्हा खोटं बोलला असं मला वाटत नाही. एसटीला सवलतीचे पैसे सरकार भरून देतं. याला कोणी देत नाही. सणाचं भाडं आणि आंब्याच्या पेट्या यांवर त्याचा पावसाळा निघतो. माझ्या भावानेही याच गाडीने बोरिवलीला पेट्या पाठवल्यात, सकाळी गिऱ्हाइकाच्या हातात. तेव्हा पार्सल घ्या, डिकी भरून घ्या. माणसांच्या वाटेत आणि मागच्या दरवाज्यासमोर एकही पेटी नको. डिकी भरली की पुढची पेटी उद्याच्या गाडीला. शेतकऱ्याला एक दिवस थांबायला सांगता येतं.

तक्रार केली. फोनवर बाई गोड बोलल्या, "गाडी तर पोचली ना मॅडम." मी पैसे परत मागितले नव्हते, दरवाजा मोकळा ठेवण्याचं लेखी मागितलं होतं. लेखी आलं ते २०० रुपयांचं कूपन, ३० दिवसांत वापरायचं.

ते वापरलं, कारण २०० रुपये सोडवत नाहीत आणि मला दरवाजा बघायचा होता. पुन्हा पेट्या, या वेळी कमरेपर्यंत. मी माझ्या बर्थवर बसलेच नाही. दरवाजा मोकळा झाल्याशिवाय बसणार नाही म्हटलं, तेव्हा मागच्या दोन मुलांनीही उठून साथ दिली. क्लीनर आणि ती दोघं मिळून वीस मिनिटांत पेट्या पुढच्या रिकाम्या बर्थांवर गेल्या. म्हणजे जागा होती.

ड्रायव्हरला पूर्ण गुण. वेळेला बरे गुण, मे महिना सोडून. भाड्याला नापास. मागच्या दरवाज्यामुळे सध्या ही गाडी कोणाला घ्या म्हणून सांगणार नाही, लहान मूल किंवा म्हातारं माणूस बरोबर असेल तर मुळीच नाही.

पुढच्या बुधवारचं एसटीचं अर्धं तिकीट काढलंय, गुडघ्याला पट्टा बांधून जाणार. गाडीचा नंबर, पेट्यांचे तीन फोटो आणि रिकाम्या हुकाचा एक, असा अर्ज आरटीओत दिलाय. पोच मिळाली आहे. उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.