ख्याल ऐकणाऱ्या मित्राला पहिली जॅझ रेकॉर्ड कोणती ऐकवावी?

शास्त्रीय संगीतात मुरलेल्या माणसाला जॅझ ऐकवायचं ठरलं की समोर येणारी नावं साधारण तीच असतात. माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू', डेव्ह ब्रुबेकची 'टाइम आउट', जॉन कोल्ट्रेनची 'अ लव्ह सुप्रीम' आणि गाणंच हवं असेल तर एला फिट्झजेराल्डची 'एला इन बर्लिन'. चारही १९५९ ते १९६४ या काळात ध्वनिमुद्रित झालेल्या, चारही थोर. निवड करताना पाहायचं ते एवढंच, की समोर कोण बसलंय आणि त्याचा कान कशावर पोसलाय. भलतीच रेकॉर्ड आधी लावली तर 'छान आहे, पण आपल्याला काही कळत नाही बुवा' असं म्हणून माणूस उठतो तो पुन्हा त्या वाटेला येत नाही. असं होताना मी पाहिलंय आणि दर वेळी फार वाईट वाटलंय, कारण ज्याला मालकंसातली एक मींड दिवसभर पुरते, त्याला कोल्ट्रेन कळणार नाही हे मला पटत नाही.

अडतं कुठे ते आधी पाहू. ख्याल ऐकणारा आधी षड्ज शोधतो. तानपुरा लागला की त्याचं मन स्थिरावतं आणि पुढचा तासभर प्रत्येक स्वर तो त्या षड्जाशी ताडून बघतो. नेहमीच्या जॅझमध्ये खालच्या कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) दर एक-दोन बारनंतर बदलतात; बार म्हणजे ठरावीक मात्रांचा लहान गट. आधार मिळाला म्हणेपर्यंत तो सरकलेला असतो. दुसरी अडचण आवर्तनाची. सुरुवातीला धून वाजते आणि मग तेवढ्याच लांबीचं आवर्तन, बहुधा बारा किंवा बत्तीस बारचं, फिरत राहतं. एकेक वादक त्यावर आपलं म्हणणं मांडतो आणि शेवटी सगळे पुन्हा धुनेवर येतात. हे आवर्तन कानाला सापडलं नाही तर सगळा कारभार मोकाट वाटतो. कोणती रेकॉर्ड या दोन अडचणी किती हलक्या करते, यावर मी ही तुलना केली आहे.

'काइंड ऑफ ब्लू' २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ या दोन दिवसांत, न्यूयॉर्कमध्ये ३०व्या रस्त्यावरच्या कोलंबियाच्या स्टुडिओत झाली. ती जागा पूर्वी चर्च होती. बीबॉप या वेगवान जॅझशैलीतली कॉर्डची दाटी माइल्सने इथे बाजूला सारली आणि वादकांना मोजकी स्वरसप्तकं देऊन त्यांतच हिंडायला लावलं. पहिली रचना 'सो व्हॉट'. आवर्तन बत्तीस बारचं, आणि त्यातले पहिले सोळा बार एकच सप्तक: पाश्चात्त्य डी हा सा धरला तर गंधार-निषाद कोमल, बाकी सगळे शुद्ध. म्हणजे आपला काफी थाट. मग आठ बार तेच सप्तक अर्ध्या स्वराने वर सरकतं, जणू कोमल रिषभालाच सा मानलं, आणि शेवटच्या आठ बारांत सगळं पुन्हा मूळ जागी. षड्ज हलतो खरा, पण एकदाच, आणि ठरल्या जागी परत येतो. हे एकदा बोटाने दाखवलं की तयार कानाला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. वर गेल्यावर थोडी ओढ लागते आणि खाली आल्यावर समेवर आल्यासारखी मान हलते.

फक्त तिथे राग शोधू देऊ नका. काफी थाटाचे स्वर आहेत म्हणून तो काफी होत नाही. वादी-संवादी, चलन, न्यासाच्या जागा यांतलं काहीही या सहा जणांच्या मनात नाही. ओळख करून देण्यापुरता हा धागा पुरेसा आहे, त्याहून ताणला की मित्र 'हे चुकीचं लागतंय' म्हणायला लागतो.

'सो व्हॉट'ची खरी मजा पुढे आहे. ट्रम्पेटवर माइल्स, टेनर सॅक्सोफोनवर कोल्ट्रेन आणि आल्टोवर कॅननबॉल ॲडर्ली यांना प्रत्येकी दोन आवर्तनं मिळतात, नंतर पियानोवर बिल एव्हान्सला एक. माइल्स मोजके स्वर लावतो आणि मधल्या रिकाम्या जागेला स्वराइतकंच वजन देतो. कोल्ट्रेन त्याच जागेत एकेक स्वरसमूह उलटसुलट करून तपासत सुटतो. ॲडर्लीच्या आल्टो सॅक्सोफोनमध्ये ब्लूजची ऊब आहे, खेळकरपणा आहे. तीन घराण्यांच्या गवयांनी एकच बंदिश पाठोपाठ मांडावी तसं हे ऐकू येतं, आणि घराणी ओळखण्यात आयुष्य घालवलेल्या श्रोत्याला हा खेळ मनापासून आवडतो.

पण या रेकॉर्डमधली सगळ्यात बोलकी गोष्ट शेवटी आहे. 'फ्लॅमेन्को स्केचेस'मध्ये बांधलेली धूनच नाही. पाच सप्तकं ओळीने येतात आणि एकेकात किती रेंगाळायचं ते वाजवणारा ठरवतो. नंतरच्या सीडी आवृत्त्यांत याच रचनेचा त्याच दिवशीचा आणखी एक टेक, म्हणजे पुन्हा केलेलं मुद्रण, दिलेला आहे. दोन्ही पाठोपाठ लावा. तेच वादक, तोच आराखडा, तोच दिवस, आणि माइल्स दोन्ही वेळा वेगळं काहीतरी सांगतो. जॅझमध्ये उपज असते का, हे त्या जागी आधीच ठरवून लिहिलेलं असतं का, असे प्रश्न त्या वीसेक मिनिटांनंतर उरत नाहीत.

या रेकॉर्डची उणीव तिच्या गुणातच आहे. ती इतकी शांत आहे की चहाफराळ आणि गप्पा चालू असतील तर सरळ भिंतीत विरून जाते. 'काय सुंदर वाटतंय' म्हणत लोक बोलत राहतात. दोघे-तिघे नीट बसून ऐकणार असतील तरच ती लावावी.

'टाइम आउट' त्याच वर्षी, त्याच स्टुडिओत, जून ते ऑगस्टच्या दरम्यान झाली. आदल्या वर्षी अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यावर ब्रुबेकची चौकडी तुर्कस्तानातून भारतापर्यंत आली होती. मुंबईत उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्या सतारीबरोबर ब्रुबेक वाजवून गेला. 'ब्लू रोंदो आ ला तुर्क' तुर्कस्तानच्या रस्त्यावर ऐकलेल्या लयीतून आली: नऊ मात्रा, दोन-दोन-दोन-तीन. 'टेक फाइव्ह' चौकडीतल्या सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंडची, पाच मात्रांची. तबला शिकणारा कोणी समोर असेल तर बहुतेक लोक डोळे मिटून हीच रेकॉर्ड काढतात.

माझं मत इथे जरा वेगळं आहे. तीन-चारच्या ठेक्यांवर वाढलेल्या अमेरिकी श्रोत्याला १९५९ मध्ये पाच मात्रांनी जो धक्का दिला, तो झपताल आणि रूपक ऐकून वाढलेल्याला बसत नाही. तो पहिल्याच आवर्तनात मात्रा मोजतो, 'अर्धा झपतालच की, फक्त दोन-तीनच्या जागी तीन-दोन' म्हणतो, आणि आता पुढे काय याची वाट बघू लागतो. 'ब्लू रोंदो'मध्ये तर त्याची निराशाच होते. धून नऊ मात्रांची, पण सोलो सुरू झाले की ठेका साधा चारचा होतो. ज्याला तिहाया आणि चक्रदार ऐकायची सवय आहे, त्याला वाटतं की खरा डाव मांडला आणि खेळलाच नाही.

त्याला ऐकवायची जागा दुसरी आहे. 'टेक फाइव्ह'च्या मध्यावर चौकडीतला ड्रमवादक जो मोरेलो सोलो घेतो आणि ब्रुबेकचा पियानो खाली तीच पाच मात्रांची आकृती न थांबता धरून ठेवतो. हा सरळ लेहरा आहे, तबल्याच्या एकल वादनामागे सतत फिरणाऱ्या धुनेसारखा. तबल्याच्या माणसाला ते सांगावंही लागत नाही. तो पुढे सरकून बसतो. मोरेलो घाई करत नाही, मात्रांच्या मध्ये भरपूर हवा सोडतो, आणि त्यामुळे लेहऱ्यावर तो कुठे आहे हे सतत कळत राहतं. तबल्याच्या मित्रासाठी ही एक रचना पुरे.

आता एला. आपल्याकडे संगीत म्हणजे आधी गाणं. वाद्यसंगीतावर प्रेम असलेले लोकही मनात गातच ऐकतात, आणि म्हणून घरातल्या जमावासाठी मी डोळे झाकून हीच निवडतो. १३ फेब्रुवारी १९६०, बर्लिनचं डॉइचलांडहाले, समोर हजारो माणसं. 'मॅक द नाइफ' गाताना मध्येच ती शब्द विसरते. थांबत नाही. विसरल्याचंच गाणं करते, तालात आणि यमकात, या गाण्याची आपण कशी वाट लावतोय तेही गाऊन सांगते, मध्ये लुई आर्मस्ट्राँगच्या घोगऱ्या आवाजाची नक्कल करते, आणि पूर्ण ताकदीने शेवट गाठते. या गाण्यासाठी आणि या अल्बमसाठी तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाले. मैफलीत गवयाची ओळ निसटली आणि त्याने ती जागा सोन्याची केली, असे प्रसंग आपण वर्षानुवर्षं एकमेकांना सांगत असतो. इथे तो प्रसंग घडताना ऐकायला मिळतो. इंग्रजी नीट न कळणारी आजीही हसते.

आणि त्याच मैफलीतलं 'हाउ हाय द मून' आवर्तनाची अडचण जवळजवळ संपवून टाकतं. एला आधी गाणं शब्दांसकट म्हणते. मग शब्द सोडून नुसत्या अक्षरांवर, तराण्याच्या जातीचं, पाच-सहा मिनिटं गात सुटते. मित्राला एवढंच सांगा की मूळ चाल मनात गुणगुणत राहा. ती खाली चालू राहते आणि वर एला काय करतेय ते तिच्यावर नेमकं बसतं; बत्तीस बार संपले की दोघं एकत्र पहिल्या जागी येतात. कॉर्ड भराभर बदलत असतात, पण गळा वाट दाखवतो म्हणून ऐकणाऱ्याला भोवळ येत नाही. दुसऱ्या गाण्यांचे तुकडे ती सहज गुंफत जाते, तेही ठुमरी-नाट्यपदांच्या श्रोत्याला ओळखीचं आहे.

सी. रामचंद्रांच्या चालींवर वाढलेल्या पिढीला तर एला अजिबात परकी नाही. त्यांच्या १९५१ च्या 'अलबेला'तल्या ब्रासमागे चिक चॉकलेटसारखे गोवेकर वादक होते, ज्याला मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. स्विंग, म्हणजे जॅझची ती झुलती लय, या लोकांच्या कानात सत्तर वर्षांपासून आहे, त्याचं नाव फक्त कोणी सांगितलं नव्हतं. अशा मंडळींना ड्यूक एलिंग्टनची ७ जुलै १९५६ ची न्यूपोर्टची मैफलही पसंत पडेल, ज्यात पॉल गोन्साल्वेस ब्लूजची सत्तावीस आवर्तनं सलग वाजवतो. घ्यायची तर १९९९ ची आवृत्ती घ्या; जुन्या एलपीत बराच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवलेला आहे.

राहिली 'अ लव्ह सुप्रीम'. ९ डिसेंबर १९६४, न्यूजर्सीतला रूडी व्हॅन गेल्डरचा स्टुडिओ, चार भाग, अवघी तेहतीस मिनिटं. १९५७ मध्ये हेरॉइनच्या व्यसनातून सुटल्यावर आलेल्या अनुभवाची कृतज्ञता म्हणून कोल्ट्रेनने ही ईश्वराला वाहिली. पहिल्या भागात चार स्वरांचा एक तुकडा तो एकापाठोपाठ बाराही सुरांतून फिरवतो आणि मग तोच तुकडा नामस्मरणासारखा तोंडाने म्हणू लागतो. शेवटच्या भागात ठेका नाही. रेकॉर्डच्या वेष्टणावर छापलेली स्वतःची प्रार्थना तो सॅक्सोफोनवर अक्षर न् अक्षर वाजवतो. कागद समोर धरून ऐकलं तर शब्द दिसतात. अभंग ज्याच्या घरात आहेत त्याला हे थेट भिडतं, चारही रेकॉर्डींत सगळ्यात खोल.

तरीही पहिल्या बैठकीत ती लावू नये. मधल्या दोन भागांत एल्व्हिन जोन्सच्या ड्रमचा मारा नवख्या कानाला गोंगाट वाटतो, आणि चारजणांत बसून एखाद्याची प्रार्थना ऐकताना लोक अवघडतात. मित्राला घरी न्यायला द्या. एकट्याने, रात्री, शेवटच्या भागापासून सुरुवात करायला सांगा.

तेव्हा ख्याल ऐकणारे एक-दोघे असतील तर 'काइंड ऑफ ब्लू': आधी 'सो व्हॉट', मग थेट 'फ्लॅमेन्को स्केचेस'चे दोन्ही टेक, बाकी नंतर. जमाव असेल तर एला.

काहीही लावलं तरी फोनच्या स्पीकरवर लावू नका. 'सो व्हॉट'ची धून पॉल चेंबर्सच्या बासवर, म्हणजे खर्जातल्या तंतुवाद्यावर आहे. लहान स्पीकरवर ती गायब होते आणि फक्त वरची दोन स्वरांची उत्तरं उरतात. आवृत्तीही पाहून घ्या. २ मार्चला मुख्य टेपयंत्र किंचित हळू चालत होतं, त्यामुळे जुन्या एलपींवर पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना चढ्या वाजतात. १९९० च्या दशकातल्या आवृत्त्यांपासून ते दुरुस्त झालं. हार्मोनियम काढून काफी थाट दाखवायचा विचार असेल तर हा फरक फार बोचतो.

दुसऱ्या बैठकीसाठी कोल्ट्रेनचं 'इंडिया' राखून ठेवा, नोव्हेंबर १९६१, न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड क्लब. दोन बास, जवळजवळ न हलणारा आधारस्वर, म्हणजे तानपुऱ्याची उणीव जिथे सगळ्यात कमी भासते अशी जागा. पहिल्या दिवशी मात्र नको, कारण नाव वाचून माणूस त्यात ओळखीचा राग शोधत बसतो आणि एरिक डॉल्फीचा बास क्लॅरिनेट ऐकायचाच राहून जातो.