पोर्तुगीज पासपोर्ट की भारतीय नागरिकत्व: गोव्यातील कुटुंबांसाठी तुलना

गोवा, दमण आणि दीव येथे १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्या व्यक्तीला पोर्तुगालचा कायदा जन्मतः पोर्तुगीज मानतो. भारताच्या १९६२ च्या आदेशानुसार मात्र, ज्यांनी महिन्याभरात लेखी नकार कळवला नाही ते सर्व भारतीय नागरिक झाले. पोर्तुगालला दुहेरी नागरिकत्व चालते, भारताला चालत नाही. पेच आहे तो इथे.

आजोबांचा जन्म लिस्बनला, म्हणजे पोर्तुगालच्या नोंदणी कार्यालयात, नोंदवणे आणि आपण स्वतः पोर्तुगीज पासपोर्ट काढणे या दोन गोष्टी सर्रास एकच समजल्या जातात, हे मला फार धोक्याचे वाटते. परदेशी पासपोर्ट हाती पडला की तो नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्याचा निर्णायक पुरावा ठरतो आणि भारतीय नागरिकत्व संपते. नुसत्या नोंदणीने काय होते यावर मात्र वाद झाले आहेत, म्हणून निवडणूक लढवू इच्छिणाऱ्याने तिथेही वकिलाला विचारूनच पाऊल टाकावे.

पासपोर्टमुळे युरोपीय संघातील २७ देशांत राहण्याची व नोकरीची मुभा मिळते. ज्या ब्रिटनसाठी असंख्य गोवेकरांनी हा मार्ग धरला, तिथला मुक्त प्रवेश २०२० अखेर बंद झाला, हे नव्याने निघणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. बदल्यात मतदानाचा हक्क जातो. ओसीआय कार्डावर, म्हणजे भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकाला भारत देतो त्या कार्डावर, गोव्यात आयुष्यभर येऊन राहता येते, वडिलोपार्जित कुळागर (सुपारी-नारळाची बाग) वारसाने मिळू शकते, पण शेजारची शेतजमीन विकत घेता येत नाही. भारतीय पासपोर्ट वेळेवर परत न केल्याने ज्यांचा तो रद्द झाला, त्यांचे ओसीआय अडकत असे. एप्रिल २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने, पासपोर्ट परत केल्याच्या दाखल्याऐवजी रद्दीकरणाचा आदेशही ग्राह्य धरू, असे कळवले होते; आज ते लागू आहे का, हे आधी विचारून घ्यावे. म्हणून भारतीय पासपोर्ट वेळेवर परत करणेच शहाणपणाचे.

ज्याची शेती, धंदा आणि गावकी गोव्यातच आहे, त्याने केवळ पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून पासपोर्ट काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. युरोपात शिक्षण किंवा नोकरी खरोखर ठरलेल्या मुलीने तो अवश्य घ्यावा, आणि मतदारयादीतून नाव आठवणीने काढून घ्यावे.

निर्णय कोणताही असो, कागद आताच तपासा. आमच्या आजोबांच्या जन्मनोंदीत आडनाव पोर्तुगीज वळणाने ‘कामोतीं’ आहे आणि वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘कामत’. ही दोन्ही नावे एकाच घराण्याची आहेत हे सांगायला आजोबा होते, म्हणून प्रतिज्ञापत्र एका सकाळीच झाले.