पितळी लाइट्झ मायक्रोस्कोप: आठ महिन्यांनंतर

गेल्या पावसाळ्यात सोलापुरातल्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून साडेअकरा हजारांना घेतला. नळीवर ‘ई. लाइट्झ, वेत्सलार’ (जर्मन कंपनी आणि तिचं गाव) कोरलंय, खाली घोड्याच्या नालेसारखा काळा पाय, ३, ७ आणि १/१२ नंबरच्या तीन लेन्स, दोन आयपीस, लाकडी पेटी. पेटीला कुलूप आहे, किल्ली नाही.

घरी आणला त्याच दिवशी आई चिंच घेऊन बसली, देवाच्या भांड्यांबरोबर हेही घासून देते म्हणे! वेळेवर अडवलं. पितळेवर लाखेचा पातळ थर असतो, सोनेरी झाक त्याचीच. घासलं किंवा स्पिरिट लावलं की गेला. मी फक्त मऊ फडकं फिरवतो.

फोकसचा स्क्रू जाम होता, आतलं ग्रीस वाळून मेण झालेलं. रॉकेलनं धुऊन नवं भरलं (रॉकेल मिळवायलाच दोन दिवस गेले). आता एका बोटानं फिरतो.

फसलो ते १/१२ मध्ये. ही तेलात बुडवून वापरायची लेन्स, सगळ्यात महागडी. दुकानदार म्हणाला, “एकदम ओके.” कुणीतरी सीडरचं तेल न पुसता ठेवून दिलेलं, पुढच्या भिंगावर पिवळी पापडी. ती निघाली, आतलं धुकं नाही निघालं. घेताना लेन्स काढून उजेडाकडे धरून बघा. बुरशी नव्हती एवढं नशीब, आपली कोरडी हवा तिथं कामी येते. धूळ मात्र विचारू नका.

मित्राची नवी ४० पटीची लेन्स लावून पाहिली. आटे बरोब्बर बसले, पण ही नवी लेन्स १६० मिलिमीटर लांबीच्या नळीसाठी बनवलेली आणि जुनी लाइट्झ १७० ची, त्यामुळे चित्र जरा मऊ येतं. शिवाय नवी लेन्स लांब. बेसावध फिरवली तर स्लाइडवर आपटते.

आरसा थेट उन्हाकडे कधीच वळवू नका, डोळा जाईल. समोरच्या पांढऱ्या भिंतीचा उजेड पुरतो.

पैसे वसूल केले ते साध्या, कमी पटीच्या ३ नंबरनं. आमचा टॉवेलचा धंदा. सुताचा एक तंतू पाण्याच्या थेंबात ठेवला की कापूस पीळ पडलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो, पॉलिएस्टर काचेच्या कांडीसारखं गुळगुळीत. मार्चमध्ये एका सुतात नुसत्या कांड्याच दिसल्या. व्यापाऱ्याला फोनवर वाट्टेल ते बोललो. मग तंतू जाळून पाहिला, तर मऊ राख आणि कागदाचा वास. सूत मर्सराइज्ड होतं, म्हणजे कॉस्टिक सोड्यातून काढलेलं. कॉस्टिकमध्ये कापूस फुगतो, पीळ सुटतो. परत फोन लावून माफी मागितली.